मान आणि मानकरी : आपल्या प्रांतातील सामाईक देवस्थानांचा इतिहास

आपल्या नाभिक ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत दरसाल वार्षिक अहवाल, गुणवंत विद्यार्थ्यांची यादी, देणगीदारांची नामावली व वधूवरांची माहिती छापली जाते. तिच्या जोडीला एखादा इतिहासविषयक लेख असावा, असे यंदा संपादक मंडळाच्या मनात आले आणि त्यांनी ते काम आमच्यावर सोपविले. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, प्राथमिक शाळेत आयुष्य काढून निवृत्त झालेले शिक्षक. संशोधकाचा अधिकार आम्हांस नाही. तथापि जावळीच्या खोऱ्यात, वेण्णेकाठच्या मेढ्यासारख्या गावात राहिल्याने जे डोळ्यांसमोर आले आणि जुन्या ग्रंथांतून जे वाचनात आले, त्याची सांगड घालून एक विषय ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत. हिंदू व मुसलमान या दोन्ही समाजांनी मिळून सांभाळलेली देवस्थाने आपल्या प्रांतात कशी चालली आणि ती पुढे चालावयाची असतील तर आपल्यासारख्या लहान ज्ञातींचे त्यात काम काय, हा तो विषय होय.

या विषयावर सभेत बोलावयाचे झाले म्हणजे वक्ते सहसा सहिष्णुता, बंधुभाव असे मोठे शब्द योजतात. ते शब्द चांगलेच आहेत. परंतु आपल्या पूर्वजांनी ते क्वचितच उच्चारले असतील. त्यांच्या तोंडी दुसराच एक शब्द होता, तो म्हणजे 'मान'. अमक्या घराकडे पालखीच्या दांडीचा मान, तमक्याकडे पहिल्या नारळाचा, तिसऱ्याकडे पिराच्या सवारीपुढे दिवटी धरण्याचा. ज्याचा मान त्याने तो पुरा केल्यावाचून उत्सव पुढे सरकत नसे. त्यामुळे शेजाऱ्याचा देव आपल्याला आवडतो की नाही, हा प्रश्नच उपस्थित होत नसे. शेजाऱ्याच्या देवाजवळ आपले एक ठरलेले काम असे, आणि त्या कामाने माणूस त्या देवाशी बांधला जाई. आमच्या अल्पमतीप्रमाणे आपल्याकडील सलोख्याचे मूळ या कामाच्या वाटणीत आहे.

प्रथम गावगाड्याकडे पाहू. गावात सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव यांच्याप्रमाणेच मुलाण्यालाही गावकीत स्थान होते. मशिदीची किंवा पिराची दिवाबत्ती हे त्याचे काम होतेच. शिवाय जत्रेत देवीपुढे किंवा लग्नकार्यात बकरे कापावयाचे तर त्यावर सुरी फिरविण्यासाठी हिंदू कुटुंबेही मुलाण्यालाच बोलावीत. त्याबद्दल त्याला खळ्यावर धान्य मिळे. ग्रामदेवतेच्या जत्रेतील एक आवश्यक विधी मुसलमान बलुतेदाराच्या हातून व्हावा आणि त्यात कोणास काही वावगे वाटू नये, ही गोष्ट आजच्या तरुणांना नवलाची वाटेल. तशीच उलट बाजूची गोष्ट मोहरमाची. अनेक गावांतून पंजे उचलण्यास हिंदू गडी पुढे असत. नवसाच्या मुलाला मोहरमापुरता 'फकीर' करण्याची चाल मराठ्यांच्या व माळ्यांच्या घरांतूनही होती. मलिदा व चोंगे दोन्ही समाजांच्या घरी वाटले जात. आणि गावच्या पालखीपुढे काय, पिराच्या सवारीपुढे काय, मशाल किंवा दिवटी धरणे हे अनेक गावी आपल्याच ज्ञातीचे काम होते. हजामतीच्या निमित्ताने आपल्या पूर्वजांना पाटलाच्या वाड्यात प्रवेश होता, मुलाण्याच्या ओसरीवरही होता. दोन्ही घरची लग्ने त्यांनी जवळून पाहिली. ही ओळख आपल्या ज्ञातीची एक मोठी मिळकत आहे, असे आम्ही समजतो.

ही व्यवस्था गावापुरतीच होती असे नाही. राज्यकर्त्यांनीही ती मान्य केली होती. सतराव्या शतकाच्या अखेरीस छत्रपती राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून कृष्णाजी अनंत सभासद याने जी बखर लिहिली, तीत शिवाजी महाराजांनी मुलखातील देवस्थानांची दिवाबत्ती व नैवेद्य जसे चालविले, तसेच मुसलमानांच्या पीरांची व मशिदींची उत्पन्नेही चालविल्याचा निर्वाळा दिला आहे. कोकणातील केळशीच्या याकूत बाबांविषयी महाराजांचा आदर सर्वश्रुत आहे. महाराजांच्या घराण्याच्या परंपरेत तर असे सांगतात की, आजोबा मालोजीराजे यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या सत्पुरुषाच्या कृपेने झालेल्या आपल्या दोन पुत्रांची नावे शहाजी व शरीफजी अशी ठेविली.

आता आपल्या जावळी खोऱ्यातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंगाकडे वळू. जावळी १६५६ मध्ये मोऱ्यांकडून स्वराज्यात आली आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाचा वध झाला. या प्रसंगाचा आपल्या ज्ञातीस विशेष अभिमान आहे, कारण सय्यद बंडाचा वार महाराजांवर पडण्यापूर्वी ज्याने त्याचा हात तोडला तो जिवा महाला आपला. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण आपल्या मुलाबाळांना पाठ असते. परंतु त्याच प्रसंगातील आणखी काही गोष्टी मुलांस सांगावयाच्या राहून जातात. महाराजांनी सोबत जे निवडक दहा अंगरक्षक घेतले, त्यांत जिवा महालाबरोबर सिद्दी इब्राहीम हा मुसलमान होता. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर हा हिंदू होता. खानाच्या स्वारीत देवस्थानांस उपद्रव झाला, हे बखरकारांनी नमूद केले आहे आणि ते लपविण्याचे कारण नाही. तरीही खान पडल्यानंतर महाराजांनी त्याच्या देहाची विटंबना होऊ दिली नाही. त्याचे दफन करविले, आणि ती कबर आजही गडाच्या पायथ्याशी आहे. शत्रूशी वैर मरणापर्यंत, मरणानंतर त्याच्या धर्माप्रमाणे त्याला माती, ही रीत आपल्याच खोऱ्यात घालून दिली गेली. त्याच कबरीच्या परिसरात मागाहून उभी राहिलेली अनधिकृत बांधकामे १० नोव्हेंबर २०२२ रोजी प्रशासनाने पाडली. सरकारी जागेवर अतिक्रमण नसावे, हे कोणीही मान्य करील. परंतु या स्थळाविषयी बोलताना मूळ कबरीला जागा कोणी दिली, याचा विसर पडू नये.

खोऱ्याबाहेर, साताऱ्याच्या पूर्व भागात आणि शेजारच्या सांगली जिल्ह्यात ही परंपरा अधिक ठळकपणे दिसते. खटाव तालुक्यात खटगुणचा राजेबागसवार पीर आहे. त्याच्या उरुसास सर्व जातींची माणसे लोटतात. सांगली जिल्ह्यातील कडेगाव हे तर मोहरमासाठी प्रसिद्ध. तेथील बांबूचे ताबूत शंभर फुटांहूनही उंच असतात आणि ते आधी कळस, मग पाया या उलट्या क्रमाने बांधतात. या ताबुतांची नावे पाहिली म्हणजे आमच्या म्हणण्याचा प्रत्यय येतो. हकीम, बागवान, अत्तार यांचे ताबूत आहेत, तसेच सातभाई, पाटील, देशपांडे, शेटे, सुतार यांचेही आहेत. कोणाचा ताबूत आधी निघावयाचा आणि कोणी कोणाच्या भेटीस जावयाचे, हे सारे मानाप्रमाणे ठरलेले असते. देशपांड्यांच्या ताबुतावाचून कडेगावचा मोहरम अपुरा राहील. अशा गावात सलोख्यावर व्याख्यान देण्याची गरज फारशी पडत नाही.

वाळवा तालुक्यातील गोटखिंडी गावाचे उदाहरण अलीकडचे आहे. तेथील एका गणेश मंडळाचा गणपती पावसामुळे गावच्या मशिदीत नेऊन ठेवण्यात आला, आणि १९८० पासून तो दरवर्षी दहा दिवस मशिदीतच बसतो. गणेशोत्सव व बकरी ईद एकत्र आली तेव्हा तेथील मुसलमानांनी नमाज पढून सण साजरा केला व कुर्बानी टाळली. ही परंपरा कोणा राजाच्या सनदेने सुरू झालेली नाही. पावसात भिजणाऱ्या मूर्तीला शेजाऱ्याने छप्पर दिले, एवढ्यावरून ती सुरू झाली. नवा मान आजच्या काळातही निर्माण होऊ शकतो, हे त्यावरून कळते.

मिरजेच्या ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. या दर्ग्याच्या उरुसाचा प्रारंभ चर्मकार समाजाच्या मानाच्या गलेफाने होतो. या गोष्टीचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. ज्या काळात चर्मकार, महार, मांग या समाजांना बहुतेक देवळांच्या पायरीशी थांबावे लागे, त्या काळापासून चालत आलेली ही चाल आहे. पंढरीच्या पांडुरंगाचे दार अस्पृश्यांस खुले होण्यास १९४७ साल उजाडावे लागले आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण आरंभावे लागले. पिराच्या चौथऱ्यावर मात्र या समाजांना पूर्वापार जागा होती. आपल्या प्रांतातील कित्येक दलित कुटुंबांची पिरावर श्रद्धा का जडली, याचे एक कारण येथे सापडते. परधर्माच्या देवस्थानाने त्यांना जी प्रतिष्ठा दिली, ती स्वधर्मीयांनी नाकारली होती. आपल्या ज्ञातीनेही, गावच्या रूढीस बांधून असल्यामुळे, या बांधवांच्या डोक्याला वस्तरा लावला नाही, हा इतिहास आहे. सलोख्याची गोष्ट सांगताना ही बाजू वगळली तर ती गोष्ट अर्धवट राहील.

याच दर्ग्याच्या आवारात किराना घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँ यांची समाधी आहे. १८७२ मध्ये उत्तरेतील कैराना गावी जन्मलेले खाँसाहेब मिरजेस स्थायिक झाले आणि २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासकडील प्रवासात निवर्तले; त्यांचा देह मिरजेस आणून येथे दफन केला. त्यांचे पट्टशिष्य सवाई गंधर्व म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ. आणि सवाई गंधर्वांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी, ज्यांची अभंगवाणी महाराष्ट्राच्या घरोघरी पोचली. खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात दरवर्षी संगीतसभा होते व थोर थोर गवई तेथे हजेरी लावून गेले आहेत. भजनाला जो तंबोरा लागतो तोही मिरजेचाच. पूर्वी हत्यारांना धार लावणारी शिकलगार घराणी एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोऱ्यांच्या कामाकडे वळली. त्या वाद्यांचे भोपळे पंढरपूरच्या बाजूने येतात. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पंढरीकडचा भोपळा, मुसलमान कारागिराचा हात आणि त्यावर गायिलेला विठ्ठलाचा अभंग, यांची फारकत करावयाची म्हटले तर कोठून आणि कशी करणार?

वारकरी पंथाची साक्षही अशीच आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी 'योगसंग्राम' लिहिला आणि संतमंडळीत मानाचे स्थान मिळविले. देहूहून तुकोबांची पालखी पंढरीस निघते, तेव्हा तिचा पहिला विसावा अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी होतो व तेथे आरती होते. आपले संत सेना महाराज तर या बाबतीत आपल्या ज्ञातीला फार दूरवर नेऊन पोचवितात. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेव, कबीर व शेख फरीद यांच्या रचनांबरोबर 'सैन भगत' यांचे एक पद धनाश्री रागात दिलेले आहे. ते सैन भगत म्हणजेच आपले सेना महाराज, अशी आपली श्रद्धा आहे. एका न्हाव्याचे पद आणि एका मुसलमान सुफीचे पद पंजाबातील गुरुद्वारांत एकाच ग्रंथापुढे मस्तक लववून ऐकले जाते. श्रावण वद्य द्वादशीस सेना महाराजांची पुण्यतिथी साजरी करताना ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी.

येथवरचा इतिहास सुखावह आहे. पण अलीकडच्या काळाकडे डोळेझाक करून लेख संपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या मिरजेचे गुणगान वर केले, त्याच मिरजेत सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवात कमानीवरील अफजलखानवधाच्या चित्रावरून दंगल उसळली आणि तिची झळ सांगली, इचलकरंजीपर्यंत पोचली. सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या सातारा जिल्ह्यातील पुसेसावळी येथे समाजमाध्यमांवरील मजकुराचे निमित्त होऊन जमावाने मशिदीवर हल्ला केला व त्यात एका तरुणाचा प्राण गेला. ज्या तालुक्यात राजेबागसवाराचा उरूस भरतो, त्याच खटाव तालुक्यात हे घडले. तेव्हा परंपरा आहे म्हणून सलोखा आपोआप टिकेल, हा भरवसा धरता येत नाही.

हे का झाले? राजकारण, वृत्तपत्रे, मोबाइल यांना बोल लावणे सोपे आहे, आणि त्यांचा दोष आहेही. परंतु आम्हांस आणखी एक कारण दिसते. ते असे की मान सांभाळणारी माणसेच गावात उरली नाहीत. आपल्या जावळी तालुक्याचेच पाहावे. कोयना धरणाच्या जलाशयाने या तालुक्यातील व पाटणकडील अनेक गावे गिळली. तेथील माणसे रायगड, ठाणे, सोलापूर, सांगली अशी पांगली. पुढे वेण्णेवरील कण्हेर धरणाखालीही जमिनी गेल्या. विस्थापितांना घरातील टाक बरोबर नेता आले, ग्रामदेवतेची मूर्तीही हलविता आली. पण कोणाचा मान कोणत्या दारी, ही व्यवस्था ट्रकात भरून नेता येत नाही. जी गावे पाण्याखाली गेली नाहीत, तेथील तरुण माथाडी कामासाठी, नोकरीसाठी मुंबईस गेले. १९५८ च्या कायद्याने गावची कनिष्ठ वतने रद्द झाली व बलुत्याची रीतही हळूहळू सुटली. मुलाणी शहरात गेला, न्हाव्याने बाजारपेठेत दुकान थाटले. आता जत्रेत दोघांची गाठ पडत नाही. ज्याला आपण ओळखत नाही, त्याच्याविषयी कोणीही काहीही सांगितले तरी ते खरे वाटू लागते.

यावर आपल्यातील शिकलेले तरुण एक आक्षेप घेतात, त्याचा विचार केला पाहिजे. ते म्हणतात, "दिवटी धरणे हा कसला मान? ती तर वेठ होती. पाटील पालखीमागे चालणार आणि न्हावी तेल जाळीत पुढे धावणार, याला मान म्हणून गौरविणे म्हणजे आपल्या गुलामीचा अभिमान धरणे होय." हा आक्षेप खोटा नाही. पुष्कळ मानांमागे उच्चनीचतेची उतरंड होती आणि ती मोडली हे फार चांगले झाले. परंतु उतरंड मोडताना सहभागही मोडावा लागतो, हे मात्र आम्हांस पटत नाही. साताऱ्याच्या भूमीनेच त्याचे उत्तर दिले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे मराठा, महार, मुसलमान, जैन अशा सर्वांची मुले एका पंक्तीस जेवत व सर्व कामे आळीपाळीने करीत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. प्रत्येकाला काम होते. पण कोणते काम कोणाचे, हे जन्मावरून ठरत नव्हते. जुन्या मानातील सहभाग कर्मवीरांनी ठेवला आणि त्यातील हीनता काढून टाकली. आपल्यालाही तेच करावयाचे आहे.

म्हणून ज्ञातिबांधवांस आमची विनंती पुढीलप्रमाणे आहे. प्रत्येक कुटुंबातील वडील मंडळींनी, विशेषतः घरातील वृद्ध स्त्रियांनी, आपल्या घराण्याकडे कोणत्या देवळाचा, कोणत्या पिराचा, कोणत्या जत्रेचा कोणता मान होता ते आठवून सांगावे व घरच्या शाळकरी मुलाकडून ते वहीत लिहवून घ्यावे. गाव, देवस्थान, तिथी, काम आणि शेजारचे मानकरी कोण, एवढ्या पाच गोष्टी पुरेत. ही माहिती संस्थेकडे आली तर पुढील स्मरणिकेत ती छापता येईल. ज्यांचा मान अद्याप चालू आहे, त्यांनी वर्षातील तो एक दिवस रजा काढून गावी जावे व मुलांना बरोबर न्यावे. ज्यांचा मान बंद पडला आहे, त्यांनी गावच्या मुजावराकडे अथवा गुरवाकडे जाऊन तो कोणत्या रूपाने पुन्हा सुरू करता येईल याची विचारपूस करावी. दिवटीची जागा विजेच्या दिव्याने घेतली असेल. तर उरुसाच्या दिवशी पाणी वाटण्याचे किंवा गर्दी आवरण्याचे काम मागून घ्यावे. काम कोणतेही असो, ते आपल्या खुशीने मागितलेले असावे आणि शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून केलेले असावे.

आपली ज्ञाती संख्येने लहान आहे. सत्तेत व संपत्तीत तिचा वाटा मोठा नाही. परंतु दोन्ही समाजांच्या ओसरीवर पिढ्यान्पिढ्या बसण्याचा अधिकार तिला होता व आजही तिच्या दुकानांत सर्व धर्मांची माणसे शेजारी शेजारी बसून आपल्या पाळीची वाट पाहतात. तेथे बोलले जाणारे शब्द गावभर जातात. कोणी खोटी वार्ता घेऊन आला तर "अरे, त्या घरचे लोक आम्हांस ठाऊक आहेत" असे एक वाक्य आपल्या दुकानातून बाहेर पडले पाहिजे. ते म्हणता येण्यासाठी मात्र त्या घरचे लोक खरोखरच ठाऊक असले पाहिजेत. मान सांभाळण्याचे प्रयोजन एवढेच आहे.

संस्थेचा उत्कर्ष होवो आणि ज्ञातिबांधवांस श्रीसंत सेना महाराजांची कृपा लाभो, अशी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.